जिनिंगच्या ग्रुपमध्ये ईआरपी बसवलं आणि पंधरा दिवसांत चोपडीवर परत आलो, मोठ्या ठिकाणी नवीन सिस्टिम टिकते ती कशामुळे?

काटापट्टी_जळगाव

राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांपासून डोक्यात घोळतंय ते इथे टाकतोय, मोठं होईल पण वाचा.

मी एका ग्रुपमध्ये नोकरीला आहे, नाव घेत नाही. चार जिनिंग-प्रेसिंग (कापसातली सरकी काढून गाठी बांधायचे कारखाने), दोन डाळ मिल, एक तेल गिरणी आणि स्वतःच्या ट्रक. सीझनला सगळी मिळून हजार-अकराशे माणसं होतात. मी मूळ अकाउंटचा, दोन वर्षांपूर्वी शेठजींनी "कॉम्प्युटरचं सगळं आता तू बघ" म्हणून इकडे टाकलं. मागच्या वर्षी ईआरपी, म्हणजे खरेदी, माल, हिशेब सगळं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, घेतलं, पैसा भरपूर लागला, दसऱ्याला पूजा करून चारही जिनिंगला एकदम चालू केलं. दिवाळीनंतर कापसाची आवक सुटली आणि पंधरा दिवसांत सगळं परत चोपडीवर.

काय झालं ते मी स्वतः काट्यावर, म्हणजे भरलेल्या गाडीचं वजन होतं तिथे, उभं राहून पाहिलंय. रात्रीचे नऊ, गेटपासून हायवेपर्यंत लाईन, ट्रॅक्टर, आयशर, छोटा हत्ती, साठेक गाड्या. काट्यावरचे दादा बावीस वर्षांपासून तिथेच आहेत. आधी त्यांचं काम म्हणजे गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, गाव, भरलेलं वजन, चिठ्ठी फाडली, पुढची गाडी. अर्धा मिनिट. नवीन स्क्रीनवर चौदा रकाने, आधार, बँक खातं, आयएफएससी, ग्रेड, ओलावा, आणि सगळं भरल्याशिवाय सेव्हच होत नाही. आता ओलावा काट्यावर कळतो का? गाडी आत जाते, गंजीवर खाली होते, तेव्हा ग्रेडर मीटर लावतो. पण स्क्रीन तर काट्यावरच मागते. मग दादांनी काय केलं, प्रत्येक गाडीला आठ टाकायला लागले. महिनाभरानंतर शेठजींनी रिपोर्ट उघडला तर पूर्ण खानदेशातल्या कापसाचा ओलावा आठ टक्के!

पाचव्या-सहाव्या दिवशी लाईनमधल्या शेतकऱ्यांनी आरडाओरड केली, लोक सकाळी निघालेले, पोटात अन्न नाही, मग मॅनेजरनेच सांगितलं की चोपडी काढा, रात्री पोरगा एंट्री मारून घेईल. पोरगा आधी रात्री मारायचा, मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने. आजच्या घडीला कागदावर आमच्याकडे ईआरपी चालू आहे पण खरा धंदा चोपडीवर आहे.

शेठजी म्हणतात लोक जुने आहेत, बदलायला तयार नाहीत. मला हे पटत नाही हो. तेच दादा मोबाईलवर पैसे पाठवतात, नातवाला व्हिडिओ कॉल लावतात, कापसाचे भाव ग्रुपवर सगळ्यात आधी तेच टाकतात. त्यांना मशीनची भीती आहे असं मी कसं मानू?

आता जून चालू आहे, सीझनला चार महिने आहेत. बँका, एसटी, रेल्वे, मोठमोठ्या कंपन्या, एवढ्या हजारो-लाखो माणसांच्या ठिकाणी नवीन गोष्ट रुजली ती कशामुळे? ज्यांनी आतून पाहिलंय त्यांनी सांगा. पुस्तकी सांगितलं तरी चालेल पण काट्यावर लागू पडेल असं सांगा.

निवृत्त_भुसावळ

भाऊ, "लोक जुने आहेत" हे वाक्य आमच्या पिढीने बँकेत पंधरा वर्षं ऐकलंय म्हणून लिहायला बसलो.

मी १९७९ ला एका सरकारी बँकेत क्लार्क लागलो, नंतर शाखा सांभाळल्या. आमच्या काळात कॉम्प्युटर म्हटलं की युनियनचा झेंडा बाहेर. आणि ती भीती खोटी नव्हती, घरातला एकटा कमावता माणूस, त्याला वाटणारच की मशीन आलं की आपली खुर्ची गेली. म्हणून १९८३ साली आधी युनियनसोबत करार झाला, यांत्रिकीकरण कुठे करायचं, किती करायचं, ते लिहून. मग रंगराजन समितीचा पहिला अहवाल १९८४ ला, दुसरा १९८९ ला, मधे १९८७ ला आणि पुढे १९९३ ला अजून करार. लोक म्हणतात किती वर्षं वाया घालवली, मी म्हणतो ती वाया नाही गेली. नोकरी जाणार नाही हे आधी कागदावर आलं म्हणून पुढे माणसं शिकायला बसली. तुमच्याकडे काट्यावरच्या दादांना कोणी सांगितलं का, की हे आल्यावर तुम्ही कुठे असाल? मला वाटतं नसेल सांगितलं.

दुसरं, आमचं मन कधी फिरलं ते सांगतो. जून आणि डिसेंबर म्हणजे बचत खात्याचं व्याज. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यावर कमीत कमी जेवढी रक्कम राहिली त्यावर व्याज, आणि ते एकेका खात्याचं हाताने काढायचं, हजारो खाती, लेजरवर मान मोडेपर्यंत. मग बॅलन्सिंग. सात रुपये वीस पैशांचा फरक शोधत रात्रीचे बारा वाजायचे, भुसावळचा जूनचा उकाडा, पंखा लावला की कागद उडतात म्हणून तोही बंद. पहिल्यांदा एएलपीएम आलं, म्हणजे लेजर पोस्टिंगचं मशीन, तेव्हा आम्ही त्याला हात लावत नव्हतो. पण ज्या सहामाहीला व्याज मशीनने काढून दिलं त्या दिवशी मी साडेसातला घरी. बायकोने विचारलं तब्येत बरी नाही का. त्यानंतर आमच्या शाखेत मशीनला कोणी नाव ठेवलं नाही. ज्यांनी सगळ्यात जास्त विरोध केला होता तेच दुसऱ्या शाखेतल्या लोकांना सांगायला लागले.

तेव्हा माझा पहिला प्रश्न हा, तुमच्या ईआरपीने काट्यावरच्या माणसाचं एक तरी काम कमी झालं का? तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी त्याचं काम वाढलं आणि रिपोर्टचा फायदा ऑफिसला.

कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखा एकाच सिस्टिमवर, आलं तेव्हा पण तेच. आमच्या शाखेचा नंबर लागायच्या आधी कित्येक महिने नुसती साफसफाई, सह्या स्कॅन करा, पत्ते तपासा, एकाच माणसाची तीन खाती तीन स्पेलिंगने, ती जुळवा. प्रत्येक शाखेतून एक माणूस ट्रेनिंगला गेला आणि आल्यावर त्याला काउंटरवर बसवलं नाही, त्याचं काम फक्त इतरांच्या मागे उभं राहून सांगणं. हे फार महत्त्वाचं आहे बरं का, माणूस मोकळा केला होता. शनिवारी शाखा बंद झाली, सोमवारी नवीनवर उघडली, आणि जुने लेजर मी स्वतः स्ट्राँगरूममध्ये ठेवून कुलूप लावलं. ते समोर राहिले असते तर पहिल्या अडचणीला सगळे तिकडेच वळले असते, मी सुद्धा.

डबलबेल_धुळे

काकांनी मनातलं लिहिलं. मी एसटीत वाहक, धुळे विभाग. थोडक्यात लिहिते, ड्युटीला जायचंय.

आमच्यातले जुने लोक तिकिटाचा ट्रे आणि पंच घेऊन जायचे. वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांच्या गड्ड्या, प्रत्येक टप्प्याला मार्गपत्रावर तिकिटांचे नंबर लिहायचे, गाडीत सत्तर माणसं असली तरी लिहायचेच, आणि रात्री डेपोत हिशेब जुळेपर्यंत सुटका नाही. कमी भरलं तर खिशातून. तिकिटाचं मशीन आलं आणि हिशेब एका बटणावर निघायला लागला. पन्नाशीचे काका लोक, दहावी झालेले, दोन-तीन दिवसांत मशीन शिकले. कोणी जबरदस्ती केली म्हणून नाही, रात्री डेपोत एक तास वाचत होता म्हणून.

आणि मशीनची बटणं मोठी आहेत, हलत्या गाडीत एका हाताने दाबता येतात. ज्याने बनवलं त्याने गाडीत उभं राहून पाहिलं असणार असं मला नेहमी वाटतं. दादा, तुमची स्क्रीन ज्याने बनवली तो काट्यावर एक रात्र तरी बसला होता का?

काटापट्टी_जळगाव

ताई, नाही बसला. पुण्याहून आले होते, ऑफिसमध्ये एसीत बसून आमच्या मॅनेजरांना विचारून सगळं लिहून घेतलं. ट्रेनिंग पण जळगावला हॉटेलात, दोन दिवस, माईकवर. काट्यावरच्या लोकांना तर बोलावलंच नव्हतं, सुपरवायझर जाऊन आले.

काका, नोकरीचं कोणीच सांगितलं नाही हे खरं आहे. उलट मागच्या महिन्यात एकाने मला हळूच विचारलं, "भाऊ, हाई पूर्ण चालू व्हयनं का मंग आमनं काय?" मी तेव्हा विषय बदलला. आता वाटतंय तिथेच बसून बोलायला हवं होतं.

केळीबाग_यावल

मी नोकरीवाला नाही, शेतकरी आहे, पण एका मोठ्या शेतकरी गटाचं काम बघतो म्हणून लिहितो. नवीन गोष्ट कशी पसरते हा विषय मुळात शेतातूनच सुरू झालाय हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

अमेरिकेत आयोवा राज्य, मक्याचा पट्टा. तिथे संकरित मक्याचं बियाणं १९२८ च्या सुमारास आलं. दोन अभ्यासकांनी, रायन आणि ग्रॉस, २५९ शेतकऱ्यांना भेटून विचारलं की तुम्ही ते कधी घेतलं आणि का घेतलं, १९४३ ला छापलं. निघालं असं की बियाण्याची माहिती बहुतेकांना आधी विक्रेत्याकडून मिळाली, पण पटलं ते शेजाऱ्यामुळे. आणि जवळजवळ कोणीच पहिल्या वर्षी सगळ्या रानात पेरलं नाही, थोडंसं पेरून पाहिलं, मग वाढवत गेले. १९४१ पर्यंत दोन सोडून सगळे आले.

त्याच आयोवातला एव्हरेट रॉजर्स नावाचा शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या वडिलांना नवीन अवजारं आवडायची पण हे नवीन बियाणं नको म्हणायचे. १९३६ ला दुष्काळ पडला, शेजारच्या शेतात संकरित मका उभा आणि यांचा वाळून गेला. पोराच्या डोक्यात ते राहिलं, आणि १९६२ ला त्याने या विषयावर जे लिहिलं ते आजही जगभर शिकवतात. त्याचं म्हणणं साधं आहे, नवीन गोष्ट लवकर पसरते जर तिचा फायदा जुन्यापेक्षा उघड असेल, आपल्या चालू पद्धतीत बसत असेल, समजायला किचकट नसेल, थोड्यावर करून पाहता येत असेल, आणि तिचा परिणाम दुसऱ्याला डोळ्याने दिसत असेल.

आता हे आपल्याकडे लावून बघा. केळीला ठिबक. आमचे आबा ठिबकला ठाम नाही म्हणायचे, पाटाचं पाणी दिल्याशिवाय केळी पोसत नाही म्हणायचे, आणि ते अडाणी नव्हते, चाळीस वर्षं केळी केलेला माणूस. शेजारच्यांनी एक एकरला लावलं. उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला, लाईट रात्रीची, ती पण सहा-सात तास. त्यांची बाग हिरवी आणि आमची पानं दुपारी माना टाकून. आबा रोज संध्याकाळी बांधावर जाऊन उभे राहायचे, बोलायचे काही नाही. पुढच्या लागवडीला स्वतःच म्हणाले, एक एकरला बघू. सगळ्या रानाला लाव म्हटलं असतं तर आयुष्यात लावलं नसतं.

आणि एक गोष्ट जी कंपनीवाले विसरतात. लावून दिल्यावर खरं काम सुरू होतं. क्षार बसून ड्रीपर बंद पडतात, खारी येऊन नळ्या कुरतडतात, फिल्टर धुवावा लागतो. गावात ज्याला नळी जोडता येते, ॲसिड सोडता येतं असा एक पोरगा तयार झाला तिथे ठिबक टिकलं. जिथे प्रत्येक वेळी जळगावला फोन करून माणसाची वाट बघायची तिथे अनुदानावर घेतलेल्या नळ्या गुंडाळून खळ्यात पडल्या. हे मी स्वतः पाहिलंय.

तर भाऊ, चारही जिनिंगला एकाच दिवशी चालू केलं ही मला मोठी चूक वाटते, आणि ते पण आवक सुटायच्या तोंडावर. एका ठिकाणी करा. असं ठिकाण निवडा जिथल्या माणसांचं बाकीचे ऐकतात. बाकी तीन ठिकाणच्या काटेवाल्यांना तिथे नेऊन नुसतं बसवा, भाषण नको.

शहादेकर

मूळचा शहाद्याचा, सध्या पुण्यात, हेच ईआरपी बसवायचं काम करतो बारा वर्षांपासून. हे वाचून वाईट वाटलं, कारण आमच्या बाजूची चूक इथे जास्त दिसतेय.

आधी आवकेच्या तोंडावर चालू करण्याचं. अमेरिकेत हर्शे ही चॉकलेटची प्रचंड मोठी कंपनी आहे. त्यांनी तीन वेगवेगळ्या सिस्टिम एकत्र बसवायला घेतल्या, चार वर्षांचं काम अडीच वर्षांत दाबलं, आणि जुलै १९९९ ला एकदम चालू केलं. त्यांचा सीझन म्हणजे ऑक्टोबरअखेरचा हॅलोविन, त्या वेळी तिकडे सगळ्यात जास्त गोळ्या-चॉकलेट विकली जातात. गोदामात माल भरलेला आणि दुकानांना पाठवता येईना, दहा कोटी डॉलरच्या आसपासच्या ऑर्डरी अडकल्या. माल होता, गिऱ्हाईक होतं, मधला कागद हलत नव्हता. तुमच्या गेटवरची साठ गाड्यांची लाईन वाचली आणि मला तेच आठवलं.

दुसरं उदाहरण जर्मनीचं, लिडल. युरोपभर किराणा दुकानं. सात वर्षं आणि पन्नास कोटी युरोच्या आसपास घालवून २०१८ ला त्यांनी सगळं बंद केलं. त्यात एक मुद्दा असा होता की लिडल मालाचा हिशेब खरेदीच्या भावाने ठेवायचे आणि तयार सॉफ्टवेअर विक्रीच्या भावाने धरायचं. कंपनी आपली पद्धत बदलायला तयार नव्हती म्हणून सॉफ्टवेअरच खोदत गेले, खोदत गेले, शेवटी ते ना यांचं राहिलं ना त्यांचं. म्हणून आमच्याकडे आता मी पहिल्याच मीटिंगला विचारतो, कोणती पद्धत तुम्ही बदलणार आणि कोणती मी बदलायची, आत्ता ठरवा. तुमच्या केसमध्ये ओलावा गंजीवर मोजला जातो ही पद्धत बरोबर आहे, ती बदलायची गरज नाही, तिथे सॉफ्टवेअरने वाकायला पाहिजे. ओलाव्याचा रकाना काट्यावरून काढा, ग्रेडरच्या हातात साध्या मोबाईलवर द्या. पण एकाच शेतकऱ्याचं नाव चार जिनिंगला चार प्रकारे लिहिणं ही पद्धत मात्र तुम्हाला बदलावी लागेल.

भुसावळच्या काकांशी एका बाबतीत मी आदराने असहमत आहे. जुन्याला कुलूप लावायचंच, पण बँकेकडे आधी कित्येक महिने साफसफाई झाली होती, माणूस मोकळा होता, आणि बाकीच्या शाखांचा अनुभव गाठीला होता. तुमच्याकडे यातलं काहीच झालेलं नाही, आता नुसतं कुलूप लावलं तर धंदाच थांबेल. एक काटा, पंधरा दिवस दोन्ही चालवा, पण तारीख आधीच भिंतीवर लिहून ठेवा. तारीख नसली की पंधरा दिवसांचे दोन वर्षं होतात, हे मी चार-पाच ठिकाणी पाहिलंय.

१९८९ ला फ्रेड डेव्हिस नावाच्या अभ्यासकाने मांडलं की माणूस नवीन सिस्टिम वापरेल की नाही हे दोन गोष्टींवरून समजतं, ह्याने माझं काम चांगलं होईल का, आणि हे वापरायला सोपं आहे का. त्यात पहिल्या गोष्टीचं वजन दुसरीपेक्षा खूप जास्त निघालं. आम्ही लोक मात्र सगळा जोर स्क्रीन सुंदर करण्यावर लावतो. धुळ्याच्या ताईंनी जे मशीनबद्दल लिहिलं त्यात दोन्ही आलं, पण आधी तो वाचलेला तास आला.

आणि शेवटचं, हे नाजूक आहे पण सांगतो. तुमचे शेठजी रात्री आवक किती झाली ते कुठून बघतात?

काटापट्टी_जळगाव

फोन करतात काट्यावर. रोज साडेनऊ-दहाला. "आज किती गाड्या, किती क्विंटल?" आणि दादा चोपडीतून वाचून दाखवतात.

शहादेकर

मग तिथेच उत्तर आहे भाऊ. पूर्ण ग्रुपला रोज रात्री कळतं की खरी वही कोणती. पाच-पंचवीस लाखांचं सॉफ्टवेअर घ्या नाहीतर पाच कोटींचं, मालक ज्या कागदावरून विचारतो तोच कागद लोक नीट लिहितात. पुस्तकात याला वरच्यांचा पाठिंबा म्हणतात, आणि लोकांना वाटतं पाठिंबा म्हणजे उद्घाटनाला नारळ फोडणं आणि बिल पास करणं. शेठजींनी एवढंच करावं, फोन करायचा थांबवायचा आणि स्क्रीनवर बघायचं. स्क्रीनवर आकडा नसेल तर विचारायचं की स्क्रीनवर का नाही, चोपडीत किती आहे ते विचारायचं नाही. आठ दिवस अवघड जातील.

दीपनगर_शिफ्ट

मी वीज केंद्रावर इंजिनियर आहे, मशीनच्या बाजूने एक सांगतो कारण जिनिंगचा विषय निघालाय.

खानदेशातल्या जुन्या जिनिंगमध्ये ज्यांचे आजोबा काम करायचे त्यांना माहीत असेल, एक मोठं इंजिन, त्याच्यावर लांबच्या लांब एकच शाफ्ट, आणि त्या शाफ्टवरून पट्टे प्रत्येक जिनाला. एक पट्टा तुटला की माणूस धावला, इंजिन बंद तर सगळं बंद. सगळे जिन एका रांगेतच पाहिजेत कारण शाफ्ट सरळ. अमेरिकेतले कारखाने पण असेच होते. एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटला वीज केंद्र चालू केलं १८८२ ला, पण १९०० च्या सुमाराला तिथल्या कारखान्यांमध्ये विजेच्या मोटरवर चालणारं काम पाच टक्केही नव्हतं. अर्धं व्हायला १९२० उजाडलं. पॉल डेव्हिड नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९९० ला हे फार छान मांडलंय. आधी लोकांनी काय केलं, वाफेचं इंजिन काढलं, तिथे एक मोठी मोटर बसवली, आणि शाफ्ट, पट्टे, रांग सगळं तसंच. फायदा काय होणार? विजेचं थोडंफार बिल इकडे-तिकडे. खरा फायदा तेव्हा झाला जेव्हा प्रत्येक मशीनला स्वतःची छोटी मोटर आली, मग मशीन कुठेही ठेवता येऊ लागली, मालाच्या वाटेप्रमाणे कारखान्याची मांडणी बदलली, इमारती एकमजली झाल्या, उजेड आला.

मला वाटतं तुमच्याकडे इंजिनाच्या जागी मोटर बसवलीय आणि शाफ्ट तसाच ठेवलाय. चोपडीतली एंट्री स्क्रीनवर नेली, वर दहा रकाने वाढवले. पण काट्याचं वजन तर इंडिकेटरवर आकड्यात दिसतंच ना, ते वायरने थेट कॉम्प्युटरला जातं, ते दादांनी बघून परत टाईप का करायचं? गेल्या वर्षी आलेला शेतकरी मोबाईल नंबर टाकला की नाव, गाव, खातं सगळं समोर आलं पाहिजे. चौदातले दहा रकाने असे जातील. उरलेल्या चारांसाठी कोणी कुरकुर करणार नाही.

आणि लाईट. ऐन सीझनला रात्री लाईट गेली, इंटरनेट गेलं, तर काय? काट्याच्या खोलीत इन्व्हर्टर आहे का, आणि नेट नसताना चिठ्ठी निघते का, हे आधी बघा. एकदा जरी साठ गाड्यांसमोर स्क्रीन काळी झाली तर दादा चोपडी कायम मांडीवर ठेवतील आणि मी त्यांच्याच बाजूने बोलेन.

केळीबाग_यावल

दीपनगरवाल्या दादांचा लाईटचा मुद्दा शंभर टक्के. अजून एक, शेतकऱ्याच्या बाजूने. आम्ही जिनिंगला कापूस घालतो तेव्हा आमच्या हातात राहतं काय, ती चिठ्ठी. नवीन सिस्टिममध्ये ती चिठ्ठी कशी निघते ते बघा. एका ठिकाणी मला गुळगुळीत कागदावर मिळाली होती, पेट्रोल पंपावर मिळते तशी. ट्रॅक्टरच्या समोर ठेवली, घरी येईपर्यंत उन्हाने अर्धी अक्षरं उडाली, बाकीची खिशात घामाने. पैसे पंधरा दिवसांनी घ्यायचे असतात. दुसऱ्या दिवशी मी परत जाऊन हाताने लिहून सही घेऊन आलो. तुमच्या गेटवर जे ओरडत होते त्यातले काही उशिरामुळे ओरडत असतील, काही ह्यामुळे पण असतील.

काटापट्टी_जळगाव

मंडळी, दहा दिवसांनी लिहितोय, मध्ये बरंच झालं.

दादांसोबत तीन संध्याकाळी बसलो, काट्याच्या खोलीतच, त्यांच्या खुर्चीशेजारी. पहिल्या दिवशी ते मोजूनमापून बोलले. मी आधी नोकरीचं स्पष्ट सांगितलं, शेठजींना विचारून सांगितलं, की काट्यावरचा एकही माणूस कमी होणार नाही. मग दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः चोपडी उघडून दाखवली. मला इतकी वर्षं माहीत नव्हतं की त्यांचं सगळ्यात जड काम वजन लिहिणं नाहीच. भरलेली गाडी नऊला येते, खाली होऊन परत काट्यावर येते अकराला, मधे चाळीस गाड्या झालेल्या असतात, आणि तिचं पहिलं वजन चोपडीत मागे जाऊन शोधायचं. नंबर खाडाखोड झालेला, ट्रॉलीला नंबरच नाही, मग शेतकऱ्याला नाव विचारा, एका गावचे तीन पाटील. चुकलं तर भांडण त्यांच्याच अंगावर येतं. म्हणाले, "भाऊ, खाली गाडी आली की तिचं भरलेलं वजन आपोआप समोर आलं तर मी चोपडीला हात लावणार नाही." आमच्या सिस्टिममध्ये ही सोय आहे! चौदा रकान्यांच्या खाली दुसऱ्या पानावर आहे, कोणी त्यांना दाखवलीच नाही.

शहादेकर दादा, तुम्ही म्हटलं तसं ठरवलंय. चार जिनिंगपैकी एकच, दादांची. त्याआधी डाळ मिलच्या काट्यावर जुलैपासून चालवून बघायचं, तिथे वर्षभर गाड्या असतात पण लाईन नसते. ओलावा ग्रेडरकडे गेला. काट्याची वायर जोडायला माणूस सांगितलाय. इन्व्हर्टर होता पण बॅटरी मेलेली, ती बदलली. दादांच्या हाताखालचा पोरगा सीझनभर मोकळा ठेवायचा आहे, त्याच्या जागी रोजंदारीवर एक जण घेऊ, यावर शेठजींशी अर्धा तास वाद झाला पण शेवटी हो म्हणाले.

फोनचं मी भीत भीत सांगितलं. शेठजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मोबाईलवर दिसेल असं करून दे, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं अक्षर मोठं पाहिजे. ते काम पुण्याच्या लोकांना दिलंय, याच आठवड्यात करतो म्हणालेत.

यावलच्या भाऊंचा चिठ्ठीचा मुद्दा तपासला. आमच्याकडे पण तोच गुळगुळीत कागद होता. एक चिठ्ठी दोन दिवस ट्रॅक्टरवर ठेवून पाहिली, वजनाचा आकडा वाचता येत नाही. आता कार्बनची दुसरी प्रत निघेल असा जुन्या पद्धतीचा ठोके मारणारा प्रिंटर घ्यायचाय, दादांचंही तेच म्हणणं आहे, एक प्रत शेतकऱ्याला, एक गेटवर. जळगावात असे प्रिंटर दुरुस्त करणारं कोणी माहितीत आहे का? सीझनला रात्री सुद्धा येईल असा माणूस पाहिजे.

डबलबेल_धुळे

धुळ्यात एक जण आहे, डेपोच्या जवळच, सगळ्या सरकारी ऑफिसांचे प्रिंटर तोच बघतो. जळगावला येईल का ते उद्या जाता जाता विचारते आणि तुम्हाला मेसेज टाकते. रिबन मात्र आधीच दहा-बारा घेऊन ठेवा, सीझनला मिळत नाही.